वरचा एक चमचा

दि. १ डिसेंबर २०२५, सोमवार

वही माझ्या लेकाने, नितेशने आणली, शंभर पानी. दवाखान्यातल्या नर्सबाई म्हणाल्या, "आजी, बाळाने किती वाजता दूध घेतलं, बाटलीत काय काय घातलं, लंगोट किती भिजले, सगळं लिहून ठेवा. पुढच्या वेळी येताना वही घेऊन या." मी म्हटलं, बाई, माझी चौथी झाली आहे, ती पण निम्मी कोलंबी सोलण्यात गेली. तर हसल्या. म्हणाल्या, चौथी पुष्कळ झाली.

नितेशचा बापूस म्हणाला, "दोन दिवस लिहिशील गो. तिसऱ्या दिवशी त्याच कागदात सुकट बांधशील." म्हणून आता मुद्दाम जास्त लिहिणार. आकडे ऋतिकाला दाखवीन, बाकीचं माझं.

आज आमची बाय घरी आली. सात दिवसांची. माझ्या सासूला चार मुलगे, मला एक मुलगा, या घरात मुलीचा फ्रॉक कधी वाळत पडला नव्हता. रिक्षावाल्याला मी तीनदा सांगितलं हळू घे, हळू घे. चौथ्यांदा सांगितलं तर तो म्हणाला, "मावशी, आता उतरून ढकलत नेऊ काय?" ढकलत नेली असती तरी चाललं असतं मला.

ऋतिका म्हणजे माझी सून. केळशीची. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, पण तिची आई पाच वर्षांमागे गेली. तेव्हा तिचं माहेर पण हेच आणि सासर पण हेच. बाळंतपणात रक्त फार गेलं तिचं. दोन पिशव्या चढवल्या. अजून उठली की भिंत धरते. दूध नीट उतरलं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अंगावर लावत राहा, येईल, तोपर्यंत डब्यातली पावडर द्या. मला आधी कसंसंच झालं. डब्यात कधी दूध असतं काय? पण भुकेलं पोर डबा बघत नाही.

ऋतिका लग्नाआधी झेरॉक्सच्या दुकानात होती, तिला भिंतीवर कागद चिकटवायची सवय. ओट्यावर लावलाय: पाणी उकळून, पाणी ६०, चमचे २, चमचा सपाट. सपाट शब्दाखाली दोन रेघा. चमचा डब्यातच येतो, निळा, बोटाच्या पेराएवढा. दिवसाच्या बाटल्या मी करायच्या, रात्रीच्या ती करणार, उशाला थर्मास ठेवून. बाटल्या उकळायला नवं पातेलं घेतलं. मासळीचं भांडं त्या कामाला नको, हे मला पण कळतं, तरी ऋतिकाने दोनदा सांगितलं. लंगोट पण सुकटीच्या दोरीवर घालायचे नाहीत, वास लागेल, म्हणून मागच्या बाजूला नवी दोरी बांधली.

सटवीची पूजा दवाखान्यात राहून गेली होती, ती आज संध्याकाळी केली. कोरा कागद आणि लेखणी ठेवायची असते, सटवाई येऊन पोरीचं नशीब लिहिते. मी हीच वही ठेवली. म्हणून पहिलं पान कोरं आहे. ते तिचं. माझं दुसऱ्यापासून.

दुपारपासून बाटल्या चार, लंगोट चार.

दि. २ डिसेंबर, मंगळवार

आज पहिल्यांदा माझ्या हातची बाटली. ऋतिका झोपली होती. पाणी उकळलं, निववलं, साठच्या रेघेपर्यंत घातलं. चमचा भरला, सुरीच्या पाठीने सपाट केला. सपाट केल्यावर त्या चमच्यात राहतं काय? चिमणीचा घास. दोन घातले, बाटली हलवली, उजेडात धरली तर तांदूळ धुतलेलं पाणी.

आता मी पस्तीस वर्षं बाजारात पाटी घेऊन बसले. वाटा मांडायचा, गिऱ्हाईकाने पिशवी उघडली की वाटा आत, आणि मग वरचा एक. बांगडा असेल तर बांगडा, तारल्या असतील तर दोन. सासूने पहिल्या दिवशी सांगितलं होतं, वरचा घातल्याशिवाय पाटीतनं हात बाहेर काढायचा नाही. मोजून देणारी बाई दुपारपर्यंत माशा वारत बसते. आमच्या शेजारी एक बसायची तशी, नाव लिहीत नाही, अजून आहे ती. मास्तरीणबाई वीस वर्षं माझ्याकडे येतात, त्या भाव विचारत नाहीत, फक्त पिशवी उघडी धरून उभ्या राहतात. वरचा पडला की मग मिटतात.

आणि माझ्याच नातीला मोजून? हात आपणच डब्यात गेला. वरचा एक घातला, शीग भरून. मग बाटलीला दुधाचा रंग आला.

बायने सगळी बाटली संपवली. निपल सुटताना असा आवाज केला की आमचा म्हातारा ओसरीवर जाळं विणत होता तो आत बघायला आला. "काय गो, कोण प्यालं?" म्हणे.

ऋतिकाला सांगायचं राहिलं. सांगण्यासारखं तरी काय त्यात.

माझ्या हातच्या बाटल्या पाच, पाणी ६०, चमचे दोन आणि वरचा एक. रात्रीच्या तीन ऋतिकाच्या. लंगोट आठ.

दि. ३ डिसेंबर, बुधवार

नितेश बोटीवर गेला. आठ दिवस तरी आता फोन लागणार नाही. जाताना बायच्या पायाला हात लावून गेला, देवाला लावतात तसा. त्याचा बापूस तो जन्मला तेव्हा पण बोटीवरच होता आणि तेरा दिवसांनी आला, तर म्हणाला, हा एवढा लहान का? तेरा दिवसांमागे बघितला असतास तर अजून लहान होता, मी म्हटलं.

एक गोष्ट मनाला लागली. रात्री ऋतिकाच्या बाटलीवर बाय प्याली की झोपते. माझ्या बाटलीवर पिते, संपवते, आणि पाव तासाने परत तोंड उघडते. रडते. म्हणजे माझ्या हातचं जास्त आवडतं, तिला अजून पाहिजे असतं. तरी झोपते मात्र तिच्याकडे. आईचा वास असेल.

चमचे दोन आणि वरचा. लंगोट सात.

दि. ५ डिसेंबर, शुक्रवार

काल लिहायला सवड झाली नाही. ऋतिकाला ताप. टाके एका जागी पिकलेत. दवाखान्यात नेऊन आणलं, गोळ्या दिल्या, पडून राहा म्हणाले. आता सगळ्या बाटल्या माझ्याकडे, दिवसाच्या आणि रात्रीच्या. ती म्हणाली, "आई, तुम्ही दमाल." मी म्हटलं, "पाटी डोक्यावर घेऊन जेटीवरनं चालत यायची मी, ही बाटली उचलायला दमणार?" तेवढ्यात पण तिने कागदाकडे बोट दाखवलं. सपाट, आई. होय गो, होय. मला वाचता येतं.

डबा संपला. ऋतिका म्हणाली होती साडेपाच दिवस जाईल, तो चौथ्या दिवशीच खडखडला. तिने विचारलं तर मी म्हटलं, पोर खाणारी आहे, आपल्या घरची आहे. ती कपाळावर हात ठेवून छताकडे बघत राहिली. तापात माणूस असंच बघतं.

लंगोट पाचच भिजले. मुलीची जात शहाणी, आजीचं धुणं वाचवते. नितेश या वयाचा होता तेव्हा दिवसाला बारा, आणि तेव्हा नळ पण नव्हता, विहिरीवरनं पाणी ओढायचं. शी मात्र घट्ट होते, शेंगदाण्यासारखी, लाल होऊन जोर करते. पोटावर हिंग लावला.

पाणी ६०, चमचे दोन आणि वरचा, शीग भरून.

दि. ६ डिसेंबर, शनिवार

आज बारावा दिवस. बारसं करायचं होतं, पण आई तापात, बाप समुद्रात, नाव कोणाच्या कानात सांगणार? पुढे ढकललं. नितेशला संस्कृती ठेवायचं आहे. म्हाताऱ्याला ते नीट म्हणता येत नाही, तो सकाळपासून सराव करतोय आणि शेवटी बायच म्हणतो.

घरात काही बरं चाललेलं नाही असं वाटतं. म्हणजे झालेलं काही नाही. बाय रडते. पिते, रडते, तोंड असं उघडते मिटते, पाटीत टाकलेल्या जित्या मासळीसारखं. उचलली तरी रडते, ठेवली तरी रडते. मी स्वयंपाकघरातनं ओसरीवर, ओसरीवरनं परसात, परसातनं परत. भात करपला. नितेशच्या बापसाने दोनदा चहा मागितला आणि मी दोनदा विसरले, तर तिसऱ्यांदा त्याने स्वतः केला, पस्तीस वर्षांत पहिल्यांदा, आणि साखर विसरला.

मग तो म्हणाला, "पोर सारखी ओठ चाटते गो. तहान नाय ना लागली?"

"एवढ्याशा पोराला तहान कसली? नर्सबाईंनी बजावलंय, पाणी पाजायचं नाही, दुधातच पाणी असतं."

"मंग रडते कशाला?"

"भूक लागते म्हणून. अजून काय?"

भूकच. एका वरच्याने नाही भागत. दुपारपासून पाणी तेवढंच ठेवलं, साठ, पण चमचे दोन आणि वरचे दोन. दोन तारल्या घालते तसे. मीठ मोहरी मिरची घेऊन दृष्ट पण काढली. मिरचीचा खकाणा उठला नाही, म्हणजे लागलीच होती दृष्ट. त्या शेजारणीचीच असणार. काल येऊन म्हणाली, काय गो गाल आलेत पोरीला.

संध्याकाळी ऋतिका उठून बसली आणि म्हणाली, "आई, बाटली बघू जरा. घट्ट दिसते."

मी म्हटलं, "तुझ्या डोळ्यांवर ताप आहे. पड तू."

पडली. मला नंतर वाटलं, दाखवायला काय झालं होतं? पण तोवर बाटली धुऊन झाली होती.

लंगोट चार.

दि. ७ डिसेंबर, रविवार

आज बाय रडत नाही. सकाळपासून निजली आहे. उठवून पाजावं लागतं, निपल तोंडात धरून राहते, ओढत नाही. दृष्टीचा गुण आला असं मी म्हाताऱ्याला सांगितलं. त्याने जाळ्याची तीच गाठ तीनदा सोडली आणि तीनदा घातली.

आंघोळ घालताना टाळूवर तेल घातलं. टाळू जरा खोल लागली बोटाला. खळगा झालाय, तेल त्यात राहतं छान, मुरतं. अंग कोमट आहे. शेगडीजवळ ठेवते म्हणून असेल.

लंगोट दोन. एक जेमतेम.

पोर शांत आहे, तर मी बसावं ना निवांत. बसवत नाही. उगाच चारदा पातेलं घासलं. उगाच जाऊन नाकापुढे बोट धरून आले. श्वास चालू आहे. मला काय झालंय कळत नाही. लिहिते तर अक्षर पण नीट येत नाही.

दि. ८ डिसेंबर, सोमवार

दवाखान्यात आहे. बाकावर बसून लिहिते. लिहू की नको असं झालं, पण दुसरं करायला काही दिलेलं नाही मला.

सकाळी ऋतिका भिंत धरून माझ्या खोलीत आली. तापातनं उठली होती, चेहरा पांढरा. बायला माझ्या मांडीवरनं घेतलं, ओठावर बोट फिरवलं, लंगोट चाचपला. कोरडा. म्हणाली, "कालपासून कोरडा?" मी म्हटलं, दोन झाले ना. तिने ओढणी घेतली, बाबांना म्हणाली रिक्षा बोलवा. आणि ओट्यावरनं ही वही उचलली. मी म्हटलं, मी आकडे सांगते तोंडी. ती म्हणाली, "नको. लिहिलेलं आहे ना."

बायला आत नेलं. पायातनं रक्त काढलं तर थेंब धरायला किती वेळ. मग डॉक्टरीणबाई वही घेऊन बसल्या. मला लाज वाटली, त्यात काय काय लिहिलंय माझं मला माहीत. रिक्षावाल्याचं वाचून त्या थोड्या हसल्या. मग पान उलटलं आणि हसू गेलं. बोट ठेवून म्हणाल्या, "आजी, हे वरचा एक म्हणजे काय?"

मी सांगितलं. बाजार, वाटा, पिशवी, सगळं सांगितलं. मला वाटलं त्यांना कळेल, रत्नागिरीतल्याच आहेत, मासळी घेत असतील.

त्या म्हणाल्या, "आणि शनिवारपासून साठ पाण्याला चार? शीग भरून?"

"होय बाई. दुधाला मी कमी केलं नाही."

"दूध कमी पडलं नव्हतं, आजी. पाणी कमी पडलं."

मग समजावलं. पावडरीत क्षार असतात, मीठच समजा. पाण्याच्या मानाने ते जास्त झाले की अंगातलं पाणी खेचून घेतात. बाळ रडतं ते तहानेने. आपल्याला वाटतं भूक, म्हणून आपण अजून घट्ट पाजतो. लघवी कमी होते, ओठ सुकतात, टाळू खोल जाते, मग बाळ गुंगतं. ऋतिका बाजूला उभी होती, खाली बघत.

मी म्हटलं, पुढे सांगू नका. बांगडा चिरून मीठ भरून ठेवला की दुसऱ्या दिवशी टोपलीखाली पाणी साठतं. कुठनं येतं ते पाणी, तर बांगड्यातनंच. हे मला कोणी शिकवायला नको. मी म्हटलं, "म्हणजे मी खारवली तिला?"

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुम्ही मुद्दाम केलेलं नाही."

ते मी विचारलं नव्हतं.

उठताना म्हणाल्या, "ही वही नसती तर आम्ही भलतीकडेच शोधत बसलो असतो. तुम्ही सगळं खरं लिहिलंत." मी काय खरं लिहिलं? मला जे छान वाटलं ते मी लिहिलं.

दि. ९ डिसेंबर, मंगळवार

सलाईन लावलंय. पाणी पण हळूहळूच द्यायला लागतं म्हणाले, घाईने दिलं तर डोक्याला सूज येते. म्हणजे तहानलेल्याला पाणी पण मोजून. माझं आयुष्य पाट्या भरण्यात गेलं, मोजून द्यायची गोष्ट मला कधी पटली नाही, आणि इथे नर्सबाई एकेक थेंब मोजतायत आणि त्या थेंबावर माझी नात आहे.

वहीचं पहिलं पान उघडून बघितलं. कोरंच आहे. कोरं आहे ते बरं की वाईट, कळेना. मिटलं.

ऋतिका माझ्याशी बोललेली नाही. पावडरीचा डबा मी घरातनं आणलाच नाही. नितेशचा फोन लागत नाही. लागला तर सांगायचं काय?

दुपारी नर्सबाईंना विचारलं, लंगोट? त्या म्हणाल्या, एक ओला, थोडा.

एक.

दि. १० डिसेंबर, बुधवार

तीन ओले. सकाळी डोळे उघडून बघितलं. रडली. मी बाहेर उभी होते, आवाज ऐकून पदर डोळ्यांना लावला. नितेशचा बापूस म्हणाला, "रडते ती. मंग तू का रडतेस?" आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून उपरण्याने नाक पुसलं.

ऋतिका बाकावर येऊन बसली. मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा ठेवून. मग बोलली.

"मी तीनदा सांगितलं होतं, आई. रेघा मारल्या होत्या."

"होय."

"बाटली बघू म्हटलं तर दाखवली नाहीत."

"होय."

"मला ताप होता म्हणून मला वेडी ठरवलीत."

मी होय म्हटलं. दुसरं काय म्हणणार? ती रडत नव्हती, त्याचीच मला जास्त भीती वाटली. मी म्हटलं, "तुझी आई असती तर पोरीला नीट..."

"माझी आई असती तर?" ती माझ्याकडे वळली. "तिने पण हेच केलं असतं. ती पण पाटीच घेऊन बसायची. तिने तर तीन वरचे घातले असते, आणि वर वही पण लिहिली नसती."

मला कळेना हसू की काय करू. तीच हसली. मग रडली. मधल्या जागेत सरकले मी.

दि. १२ डिसेंबर, शुक्रवार

काल संध्याकाळी घरी सोडलं. टाळू सपाट. ओठ ओले. डॉक्टरीणबाईंनी मला जवळ बोलावून चमचा हातात दिला आणि म्हणाल्या, करून दाखवा. शाळेत बाईंसमोर उभी राहायची तशी उभी राहिले. सपाट केला. त्या म्हणाल्या, बरोबर. मी तरी डब्याला हात लावणार नाही असं ठरवून आले.

मग आज बाटल्या कोणी केल्या, तर म्हाताऱ्याने. चष्मा लावून, साठच्या रेघेशी डोळा नेऊन, चमचा सुरीने असा सपाट करतो जसं काय सोनं तोलतो. एकेक बाटलीला अर्धा तास. बाय तोवर घर डोक्यावर घेते. वर मला म्हणतो, "शिकून घे गो. जाळ्याला एक डोळा लहान-मोठा झाला तर मासा पळतो." पस्तीस वर्षांत माझ्या मांडलेल्या वाट्याला त्याने कधी नाव ठेवलं नव्हतं, आता बघा.

दुपारी ऋतिकाने डबा माझ्यापुढे आणून ठेवला.

मी म्हटलं, "नको."

"बाबांची बाटली होईस्तो ती कॉलेजात जाईल. तुम्ही करा. मी बसते इथे."

बसली, स्टूल घेऊन. मी हात धुतले. पाणी आधी, साठ. चमचा भरला, सुरीची पाठ फिरवली. पावडर ओट्यावर सांडली. एक. दोन. झाकण लावायला डबा ओढला आणि हात परत आत गेला. खरं लिहायचं तर गेला. मला नव्हता घालायचा. पस्तीस वर्षांचा हात आहे.

"आई," ती म्हणाली. हळूच.

मी हात बाहेर काढला. रिकामा. असा रिकामा हात पाटीतनं मी कधी बाहेर काढला नव्हता.

बाय प्याली. आणि झोपली. माझ्या बाटलीवर, पहिल्यांदा.

लंगोट सहा.

दि. १४ डिसेंबर, रविवार

नितेश आला. त्याच्या पायाला अजून बोटीचा डोल होता आणि मी त्याला ओसरीवरच सगळं सांगितलं, चहा पण दिला नाही आधी. ऋतिका म्हणाली होती मी सांगते, पण मीच सांगितलं. तो मग आत जाऊन बायला बघून आला. मला म्हणाला, "आये, माझ्या बाटलीत किती घालायचीस?"

"तुला बाटली नव्हतीच. तू अंगावर प्यायचास."

"बरं झालं," तो म्हणाला.

हसला नाही. पण जेवायला माझ्याच हातचं मागितलं. पूर्वीसारखा व्हायला त्याला थोडे दिवस लागतील, ते मला दिसतं. लागू देत.

दि. १८ डिसेंबर, गुरुवार

आज बाजारात गेले, तीन आठवड्यांनी. घरात बसले की मी दर तासाला लंगोट चाचपते, ऋतिका म्हणाली, आई तुम्ही जाऊन या, नाहीतर पोरीच्या कातडीला घट्टे पडतील. तारल्या मिळाल्या, चांगल्या ताज्या. मास्तरीणबाई आल्या, पिशवी उघडी धरून उभ्या. वाटा घातला, वर दोन घालते तिथे चार घातल्या. त्या म्हणाल्या, "अगो कमळे, आज काय?" मी म्हटलं, घ्या. कुठेतरी घालायला हव्यात ना मला. त्यांना काही कळलं नाही, पिशवी मात्र पटकन मिटली.

दुपारी परत आल्यावर ऋतिका आणि मी बायला दवाखान्यात नेऊन वजन करून आलो. वाढलंय. ऋतिकाचं दूध पण आता थोडं थोडं येतंय. तरी बाटली चालू ठेवायची, आणि डॉक्टरीणबाईंनी माप वाढवलं. पाणी नव्वद, चमचे तीन, सपाट. मी दोनदा विचारलं, तीन? त्या म्हणाल्या, "तीन. पण पाणी नव्वद, आजी." ऋतिकाने घरी येऊन कागद बदलला. या वेळी रेघा पाण्याखाली मारल्या आहेत.

म्हणजे तो तिसरा चमचा बाटलीत गेलाच शेवटी, पण आपलं पाणी घेऊन गेला. मी घातला तेव्हा स्टुलावर कोणी बसलेलं नव्हतं. एक, दोन, तीन, झाकण.

बारसं रविवारी आहे. म्हाताऱ्याला आता संस्कृती म्हणता येतं, पण फार सावकाश म्हणतो, तोवर पोर दुसरीकडे बघते.

बाटल्या सात. लंगोट नऊ. मागच्या अंगणातली दोरी पुरली नाही. शेवटचे दोन सुकटीच्या दोरीवर घातले. वास लागला तर लागू दे. ऋतिकाने खिडकीतनं बघितलं, आणि चिमटे आणून दिले.